चोरीचा माल आणि आपले कर्तव्य
(ज्ञातिमंडळाच्या करमाळा येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



१९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि आपल्या तालुक्याच्या पश्चिमेकडील गावांस भीमेचे पाणी लाभले. पाण्यामागून विजेच्या मोटारी आल्या, आणि मोटारींमागून चोर आले. उन्हाळ्यात जलाशय ओसरू लागला की मोटार व केबल वस्तीपासून दूर न्यावी लागते. तेथे रात्री राखण कोण करणार? चोर केबलीचे आवरण जाळून तांबे काढून घेतो. त्या तांब्यावर धन्याची खूण उरत नाही, आणि इकडे उभे पीक वाळते.

काही वर्षांपूर्वी आमचीच मोटार चोरीस गेली. तेव्हा गावाबाहेर भटक्या लोकांची पाले उतरली होती. आम्ही विचार न करता तिकडे बोट दाखविले. पाले धुंडाळली गेली, बायकामुलांची भांडीकुंडी रस्त्यावर आली. हाती काहीच लागले नाही. पुढे मोटार सापडली ती आमच्याच एका आप्ताच्या विहिरीवर! तिच्यावरील क्रमांक आमच्या पावतीशी जुळला. आप्तांनी ती पावतीवाचून, स्वस्तात घेतली होती. नात्यातले म्हणून आम्ही प्रकरण घरातच मिटविले. हा आमचा दुसरा अपराध. पहिल्याची क्षमा मागावी, तर पाले केव्हाच उठून गेली होती. जन्मावरून माणसास गुन्हेगार ठरविणारा, इंग्रजांनी १८७१ साली केलेला कायदा १९५२ साली रद्द झाला, हे आम्ही वर्गात शिकवीत आलो. आमच्या मनातून मात्र तो गेला नव्हता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली आहे. तिच्या कलम ३०३ अन्वये चोरीस सामान्यतः तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्यास कलम ३१७ अन्वये तितकाच. कायद्याने दोघांस एकाच तराजूत तोलले आहे. आपण मात्र एकास चोर म्हणतो आणि दुसऱ्यास व्यवहारी!

म्हणून विनंती इतकीच: मोटारीचा क्रमांक व पावती जपून ठेवावी. चोरी होताच ११२ क्रमांकावर कळवावे, फिर्याद नोंदवावी आणि तिची प्रत मागून घ्यावी. ती विनामूल्य मिळते. पावतीवाचून कोणतेही यंत्र घेऊ नये, मग विकणारा सख्खा भाऊ का असेना. घेणारा नसेल, तर चोरणारा किती दिवस चोरील?

आई कमलाभवानी आपणां सर्वांस सद्बुद्धी देवो, एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.