सुट्टी साऱ्यांची, बाईची कधी?

(सोलापुरातील महिला गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

सकाळपासून आपण मारहाणीवर बोललो, पोटगीवर बोललो, रेशनवर आणि विड्यांच्या मजुरीवर बोललो. आता मी 'लहान मुलांना घेऊन फिरायला जाणे' या विषयावर बोलणार असे जाहीर झाले, तेव्हा काहीजणींना हसू आले. ते साहजिक आहे. फिरणे म्हणजे चैन, आणि चळवळीने चैनीवर कशाला वेळ घालवायचा, असे आपल्याला वाटते. मला मात्र वाटते की ज्या घरात मारहाण नाही, नवरा पीत नाही, सगळे 'चांगले चालले आहे' असे शेजारीपाजारी म्हणतात, त्या घरात बाईचे स्थान काय आहे हे पाहायचे असेल, तर ते घर सुट्टीच्या दिवशी फिरायला निघते तेव्हा पाहावे.

आधी सुट्टीबद्दल. रविवारची सुट्टी कामगारांना कोणी बक्षीस म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना, त्यात बायकाही होत्या, एकत्र केले, सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आपले सोलापूरही गिरण्यांचे गाव. जुनी मिल इथे १८७७ साली सुरू झाली. भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर घरी येणारे हे शहर होते. आठवड्यातून एक दिवस भोंगा आपल्यासाठी नाही, याची किंमत या शहराला कळते. पुढे आपल्या राज्यघटनेनेही ४३ व्या कलमात, कामगारांना निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचा पूर्ण उपभोग घेता यावा, असे राज्याला सांगून ठेवले. म्हणजे फुरसत ही घटनेच्या कागदावर लिहिलेली गोष्ट आहे.

पण गिरणीतल्या कामगाराचा रविवार झाला, तेव्हा त्याच्या घरातल्या चुलीचा रविवार झाला का? उलट त्या दिवशी सगळे घरी. म्हणजे दोन भाज्या जास्त, चहा चार वेळा, मुलांच्या आंघोळी, केस धुणे, साठलेले कपडे. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे. १५ ते ५९ वयाच्या ज्या बायका घरातल्या माणसांची काळजी घेण्याचे काम करतात, त्या त्यासाठी १४० मिनिटे देतात. पुरुष ७४. शिवाय असले काम करणारे पुरुषच मुळात थोडे. आता हेच काम घराबाहेर नेले की त्याला आपण 'सहल' म्हणतो.

गड्ड्याची यात्रा डोळ्यांसमोर आणा. संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वराची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, होम मैदानावर पाळणे लागतात, शोभेचे दारूकाम होते. सोलापुरातले पोर पोर त्या दिवसांची वाट पाहते. घरातला पुरुष म्हणतो, "चला, आज गड्ड्यावर जाऊ." त्याने शर्ट बदलला, चप्पल घातली की तो तयार. बाईने काय करायचे? आधी पाण्याचा दिवस तर नाही ना, ते पाहायचे. या शहराने वर्षानुवर्षे तीन-चार दिवसांआड पाणी भरले आहे. पाणी यायच्या दिवशी बाई घराबाहेर पडू शकत नाही, मग देव असो की पाळणा. पाणी नसेल तर स्वयंपाक आवरायचा. बाहेरचे खाणे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून घ्यायची. धाकट्याचे दूध, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे, ओले पुसायला जुने फडके, थंडीचे टोपरे. सासूचे औषध काढून ठेवायचे. हे सगळे करून ती साडी नेसायला जाते, तेव्हा बाहेरून आवाज येतो, "अगं, किती वेळ लावतेस नटायला!"

मैदानावर पोचल्यावर बाप पोराला खांद्यावर घेतो. दारूकाम दाखवतो. चांगली गोष्ट आहे, त्याने घ्यावेच. पण त्या वेळी बाई कुठे असते? एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मोठीचा हात, आणि नजर चपलांवर. धाकट्याला शी लागली की तिला हाक. रडला की तिला हाक. आकाशपाळण्यात ती बसत नाही, कारण पिशव्या कोण सांभाळणार? मोठेपणी त्या पोराला आठवते की बाबांनी खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली. आईने काय केले ते आठवायला काही उरतच नाही, कारण ती कायम मागे होती.

हे झाले जिच्या घरात महिन्याचा पगार येतो तिचे. आपल्या पूर्व भागातल्या विडी कामगार बाईला फिरणे आणखी महाग पडते. तिची मजुरी विड्यांच्या हजारावर. हात थांबला की मजुरी थांबली. एक संध्याकाळ पोरांना कुठे न्यायची, तर आदल्या रात्री पाने भिजवून, कातरून, जागून तेवढ्या विड्या वळून ठेवायच्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी कारखान्यात माल कमी भरणार. १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्याने कारखान्यात बायका ठरावीक संख्येहून जास्त असल्या तर पाळणाघर हवे, अशी तरतूद केली. पण विड्या वळल्या जातात घरात. तिथे सूप मांडीवर असते आणि पोर मांडीशेजारी तंबाखूच्या धुरळ्यात खेळते. म्हणजे पाळणाघरही नाही आणि मोकळी हवाही नाही. त्या पोरांसाठी बाहेर पडणे ही चैन आहे, असे कोणी म्हणावे?

लढून मिळवलेल्या गोष्टींचीही दुसरी बाजू आपण पाहिली पाहिजे. विडी कामगार बायकांनी संघटनेच्या बळावर कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत १०,००० घरे मिळवली. २००६ साली ती त्यांच्या ताब्यात आली. भाड्याच्या अंधाऱ्या खोलीतून बाई स्वतःच्या घरात गेली, ही केवढी मोठी गोष्ट! पण वसाहत शहराबाहेर. पूर्वी नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ दारावरून जायचा, तो पाहायला उंबऱ्यापर्यंत यायचे की झाले. आता दोन पोरांना घेऊन रिक्षा करावी लागते, परतीची वेळ पाहावी लागते. घर मिळाले की त्याच्याबरोबर बस, दिवे आणि बाग यांचीही मागणी करायची असते, हा धडा पुढच्या प्रत्येक वसाहतीसाठी आहे.

आता मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो सांगते. वस्तीतल्या बैठकांत मी बायकांना नेहमी विचारते, "गेल्या महिन्यात तुम्ही घराबाहेर कशासाठी पडलात?" उत्तरे येतात – दवाखाना, रेशन, बाजार, शाळेतली पालकसभा, अंगणवाडी, देऊळ. मग विचारते, "नुसत्या मोकळ्या हवेसाठी?" बायका एकमेकींकडे बघतात. एकजण म्हणाली, "ताई, पोराला घेऊन तळ्याकडं गेलते की." पोराला घेऊन! एकटी निघाली असती तर गल्लीतल्या चार जणींनी विचारले असते, "कुठं निघालीस गं?" पोर कडेवर असले की कोणी विचारत नाही. पोर म्हणजे तिचा बाहेर पडायचा परवाना. आणि तेच तिचे ओझे. ज्याच्यामुळे तिला बाहेर जाता येते, त्याच्यामुळेच तिला बाहेर गेल्यावर क्षणभर बसता येत नाही.

आणि जिच्याकडे हा परवाना नाही तिचे काय? जिला मूल झाले नाही ती, नवऱ्याने टाकलेली, विधवा? टाकलेल्या बाईने पोरांना बागेत नेले तरी लोक म्हणतात, "हिला बरं सुचतं फिरायला!" जणू नवऱ्याने टाकले त्याच दिवशी तिचा आणि तिच्या लेकरांचा हसण्याचा हक्क संपला. अशा घरातली पोरे सुट्टीनंतर शाळेत 'तू कुठे गेला होतास' या प्रश्नाला काय उत्तर देतात, हे कधी ऐका.

आणखी एक बाई या सहलीत असते. ती आठ-नऊ वर्षांची असते. आईच्या हातात पिशवी, म्हणून धाकटा भाऊ हिच्या कडेवर. तो घसरगुंडीवर चढतो, ही खाली उभी राहून त्याला धरते. तो फुगा फोडतो, ही आपला फुगा त्याला देते, आणि सगळे म्हणतात, "किती शहाणी आहे!" मैत्रिणींनो, या शहाणपणाची आपल्याला धास्ती वाटली पाहिजे. खेळणे आणि विश्रांती हा मुलांचा हक्क आहे, असे बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या ३१ व्या कलमात आहे आणि भारताने तो करार १९९२ साली स्वीकारला आहे. त्या करारात 'मुलगे' असे लिहिलेले नाही, 'मूल' असे आहे. आईचा रविवार आई हरवते आणि तो तसाच लेकीच्या पदरात बांधून देते. ही साखळी इथेच तोडायची आहे.

घरातले झाले. पण सगळा दोष घरावर टाकून भागणार नाही. शहरानेही विचार केला पाहिजे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. लहान मूल घेऊन चालणाऱ्या बाईला सावली, बसायला बाक, प्यायला पाणी आणि स्वच्छ मुतारी हवी. दिवसभर लघवी तुंबू नये म्हणून बायका पाणीच पीत नाहीत आणि उन्हात दूध पाजत राहतात. मुंबईत २०११ पासून संघटनांनी 'राइट टू पी' ही मोहीम चालवली. 'मिळून साऱ्याजणी'ने पुणे महापालिकेविरुद्ध केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यातल्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारायला सांगितले. म्हणजे मागायला आधार आहे. आपल्या प्रभागात किती झाली, किती उघडी आहेत, हे मोजायचे काम आपले.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर आवाक्यात आले. कितीतरी बायका पोरांना घेऊन पहिल्यांदाच गावाबाहेर पडल्या, याचा आनंदच आहे. स्थानकांवर पाजण्यासाठी 'हिरकणी कक्ष' ठेवतात. एका स्थानकावर मी पाहिला तो कुलूपबंद होता आणि किल्ली कोणाकडे ते कोणाला सांगता येईना. रायगडच्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्या जाणतो. तान्हे मूल घरी आणि गडाचे दरवाजे बंद, म्हणून ती कडा उतरली. आपण तिच्या धाडसाचे गोडवे गातो. पण तिच्यासाठी दरवाजा उघडायला काय हरकत होती, हे कोणी विचारत नाही. बाईने कडा उतरावा आणि आपण टाळ्या वाजवाव्या, हे आता पुरे. आपल्याला दरवाजा उघडा हवा आहे.

यावर नेहमीचे दोन आक्षेप येतात. एक, आईला मुलांचे करण्यात आनंदच असतो. असतो ना! पण आनंद असतो म्हणून बापाला त्यापासून दूर का ठेवायचे? त्यालाही पोराची शी धुण्याचा आनंद मिळू द्या. दुसरा, गरिबाच्या घरात आधी भाकरी, मग फिरणे. लोखंड्यांच्या काळातले कामगारही पोटभर जेवत नव्हते. तरी त्यांनी सुट्टी मागितली, कारण माणूस भाकरीसाठी जगतो तसा दोन घटका मोकळ्या श्वासासाठीही जगतो.

मग करायचे काय? मोठे काही सांगत नाही. घरात सहल ठरली की कामांची यादी मोठ्याने म्हणा आणि वाटून घ्या. पिशवी कोण भरणार, धाकट्याला कोण धरणार, आल्यावर डबे कोण घासणार. लेकीच्या कडेवर भाऊ देऊ नका, तिला तिचा पाळणा खेळू द्या. गटाने एखाद्या दिवशी मूल कडेवर घेऊन स्टँडपासून भुईकोट किल्ल्याच्या बागेपर्यंत चालून पाहावे. कुठे सावली नाही, कुठे बसायला नाही, कुठली मुतारी बंद, हे वहीत उतरवावे आणि ती वही घेऊन महापालिकेत जावे. आणि वर्षातून एकदा तरी गटाची सहल काढावी. जी मुले घेऊन येईल तिची मुले सगळ्यांनी पाळीपाळीने सांभाळावी. जिला एकटीला यायचे आहे तिने मुले त्यांच्या बापाकडे ठेवून यावे. त्या दिवशी ती कशाला गेली, असे कोणी विचारले, तर बाकीच्या साऱ्याजणींनी मिळून सांगावे, "फिरायला गेलीय!"

पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने आपल्या सहलीची तारीख सांगावी, एवढी विनंती करून मी थांबते. फक्त तारीख ठरवताना पाण्याचा दिवस तेवढा बघा. आणि तो नेमका त्याच दिवशी आला, तर पाणी कोण भरणार ते आदल्या रात्री घरात ठरवून या.