पावलांची वर्गणी



कोणतेही सार्वजनिक कार्य वर्गणीवाचून उभे राहत नाही, हे देवस्थानाच्या महाजन कुटुंबांस सांगावयास नको. घरोघरचा लहान वाटा एकत्र होतो, वहीत त्याची नोंद होते आणि वर्षाअखेर सर्वांसमक्ष हिशेब वाचला जातो. कर्करोग्यांच्या सेवेसाठी निघणाऱ्या धावफेऱ्या व सायकलफेऱ्या याच रीतीच्या आहेत. हैदराबाद नगरीत त्या कोणते कार्य करीत आहेत, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

या प्रथेस जगभर चालना मिळाली ती १९८० साली. कॅनडातील टेरी फॉक्स या तरुणाचा उजवा पाय हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ साली कापावा लागला होता. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पायाच्या आधारे तो देशाच्या पूर्व किनाऱ्यावरून धावू लागला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर कापल्यावर रोग फुफ्फुसांत पसरल्याचे आढळले व त्यास थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी, अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. त्याची मागणी साधी होती : प्रत्येक देशबांधवाने संशोधनासाठी एक डॉलर द्यावा. फेब्रुवारी १९८१ पर्यंत लोकसंख्येच्या हिशेबाने ती पुरी झाली. २ कोटी ४० लाखांहून अधिक डॉलर जमले. त्याच्या नावे होणाऱ्या धावेत पहिला-दुसरा क्रमांक नसतो. त्याच १९८० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ३६ सायकलस्वारांनी बॉस्टनच्या कर्करोग संस्थेसाठी १०,२०० डॉलर गोळा केले. पुढे त्या फेरीची एकूण देणगी १०० कोटी डॉलरांच्या वर गेली.

आता हैदराबादकडे वळू. तेथील रेड हिल्स भागातील मेहदी नवाज जंग कर्करोग रुग्णालय १९५५ साली स्थापन झाले. त्या समयी मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. पुढे चित्रपट अभिनेते व मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांच्या पत्नी बसवतारकम् कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या नावाचे रुग्णालय बंजारा हिल्स येथे २००० साली सुरू झाले. २००७ साली स्थापन झालेली उषालक्ष्मी संस्था स्तनाच्या कर्करोगाविषयी जागृतीसाठी पदयात्रा भरविते. २०१३ साली स्थापन झालेल्या ग्रेस कॅन्सर फाउंडेशनने २०१८ पासून धावफेरीचा उपक्रम चालविला आहे. सायकलस्वारांसाठी २०२३ साली बाह्य वर्तुळमार्गालगत सौर छताखालील २३ किलोमीटरचा स्वतंत्र मार्गही खुला झाला.

कोणी विचारील, रुग्णालये असताना धावण्याचे प्रयोजन काय? त्याचे उत्तर रोग्याच्या घरी सापडते. किरणोपचार अनेकदा आठवड्यातून पाच दिवस, असे पाच-सहा आठवडे चालतात. औषध विनामूल्य मिळाले तरी दूरच्या खेड्यातून आलेल्या रोग्यास राहण्याची जागा, दोन वेळचे अन्न व परतीचे भाडे लागते; सोबत आलेल्या मुलाची मजुरी बुडते. मग उपचार अर्धवट टाकून माणूस गावी परततो, आणि अर्धवट उपचार म्हणजे रोगास मोकळे रान. अशा ठिकाणी लहान वर्गणी एखादा प्राण वाचवू शकते.

दुसरी अडचण पैशाची नाही, लपविण्याची आहे. पुष्कळ प्रतिष्ठित घरांत या रोगाचे नावही उच्चारीत नाहीत. मुलींची लग्ने अडतील, लोक काय म्हणतील, या धास्तीने गृहिणी छातीतील गाठ महिनोन्‌महिने दडवून ठेविते आणि वैद्याकडे पोहोचते तेव्हा वेळ टळलेली असते. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार भारतात १४ लाखांहून अधिक नवे रोगी व ९ लाखांहून अधिक मृत्यू झाले. उशिरा होणारे निदान हे त्यामागील एक मोठे कारण आहे. बरी झालेली स्त्री भर रस्त्यातून, चारचौघांदेखत चालताना दिसली की जी भीड व्याख्यानांनी मोडत नाही, ती मोडू लागते.

तथापि सावधपणाही हवा. सदरे, पदके, व्यासपीठ व जाहिराती यांवर किती खर्च झाला आणि रोग्यापर्यंत किती पोहोचले, हे विचारण्याचा वर्गणीदारास अधिकार आहे. ज्या संस्थेची वही उघडी, तिलाच हात सैल सोडावा. देवस्थानाचा हिशेब मागणाऱ्या महाजनांस हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटू नये.

ज्यांस धावणे शक्य आहे त्यांनी धावावे, वृद्धांनी चालावे, तेही न साधल्यास घरटी एक वर्गणी द्यावी. आणि त्याबरोबर एक गोष्ट आपल्याच घरी करावी. तिशी ओलांडलेल्यांची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांची तपासणी शासकीय योजनेत होते. घरच्या स्त्रियांस त्यासाठी स्वतः घेऊन जावे. दुसऱ्याच्या रोग्यासाठी वर्गणी देऊन स्वतःच्या घरची गाठ झाकून ठेवणे, यास सेवा म्हणता येणार नाही.