आधी पाठ, मग फिल्म



वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या एका अंगाला सावंगीचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दुसऱ्या अंगाला सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय. सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केले, तेच मुळी खेड्यांसाठी. एवढी वैद्यकी उशापायथ्याशी असलेल्या गावात कंबरदुखीवर परिषद भरली, हे बरेच झाले.

कापसाची वेचणी सुरू झाली की इथल्या ओपीडीत कमरेवर हात ठेवून येणाऱ्या बायांची रांग लागते. वेचणारीच्या कमरेला ओटी बांधलेली असते. दिवस चढतो तशी ती भरते, वजन पुढे लोंबते, आणि खालची बोंडे गाठायला बाई वाकते ती कमरेतून, गुडघ्यातून नाही. मजुरी किलोवर. घटकाभर पाठ सरळ केली की तेवढी मजुरी गेली. अशा बाईच्या केसपेपरवर ‘बेड रेस्ट’ लिहिणाऱ्याने एक तर शेत पाहिलेले नसते, नाहीतर अलीकडचे वैद्यकशास्त्र वाचलेले नसते. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरल्याने दुखणे लांबते. झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणाऱ्याला लवकर आराम पडतो.

बहुतेक दुखणी याच साध्या जातीची, स्नायू-सांध्यांची. उसण भरली की गावात पायाळू माणसाची लाथ लावून घेतात आणि ती उतरतेही, कारण ती बहुधा काही दिवसांत आपणहूनच उतरणार असते. पायाळूला हसणाऱ्यांनी आपल्या गोळीकडेही पाहावे. २०१४ साली ‘लॅन्सेट’मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सोळाशेहून अधिक रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. ताज्या कंबरदुखीत पॅरासिटामॉल घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे, दोघांनाही बरे व्हायला जवळपास सारखाच वेळ लागला.

खरा घोळ एमआरआयपाशी होतो. ‘मणक्यात गॅप आला’ हे एकदा कानावर पडले की माणूस वाकायलाही घाबरतो. पण ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही, अशांच्या फिल्म तपासणाऱ्या अभ्यासांचा २०१५ साली एकत्र आढावा घेतला गेला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांत गादी झिजल्याच्या खुणा होत्या. फिल्म खोटे बोलत नाही. पण तिच्यातली झीज म्हणजे रुग्णाचे दुखणे, हे कोणी ठरवले?

नस दबण्याचे प्रकरण वेगळे. गादी सरकून मांडीतून पोटरीपर्यंत कळ गेली, तरी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना आराम पडतो. कळ हटेना किंवा पायातली ताकद जाऊ लागली, की मात्र शस्त्रक्रिया करावी, आणि वेळेवर करावी. म्हातारपणी मणक्यांतली नळी अरुंद होते तेव्हा कथा अजून निराळी: आजोबा चौकापर्यंत चालताना दोनदा बसतात, पण सायकलवर बाजार करून येतात. पुढे वाकले की नळी थोडी मोकळी होते. एवढा एक प्रश्न विचारला तरी निदान निम्मे होते.

जुनाट दुखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शिका काढली. व्यायाम, रुग्णाला नीट समजावून सांगणे, मानसिक आधार यांना तिने पसंती दिली. कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात नको म्हटले. पट्ट्यांचा खप पाहता ही बातमी औषधांच्या दुकानांपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने मात्र गावकऱ्यांच्या पाठदुखीची दखल घेतली; डॉ. अभय बंग आणि मुंबईचे मणक्याचे सर्जन डॉ. शेखर भोजराज यांनी मिळून तिचा अभ्यास केला. असे काम वर्ध्यात का होऊ नये?

मोजकी दुखणी मात्र थांबू देत नाहीत. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे अजून आहे. संध्याकाळचा ताप, उतरलेले वजन, रात्री जागे करणारी पाठ, अशा रुग्णाला महिनोन्‌महिने मलम चोळायला सांगितले तर कुबड निघते, पाय लुळे पडतात. वेळेत ओळखला तर तो बहुधा औषधांनीच बरा होतो, फक्त ती वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ नेमाने घ्यावी लागतात. पंचविशीतला मुलगा सकाळी ताठरलेला उठतो आणि कामाला लागल्यावर मोकळा होतो, तेव्हा संधिवाताची शंका घ्यावी.

म्हणून या परिषदेपुढे दोन मागण्या. केसपेपरवर वयाशेजारी कामाचा रकाना हवा: वेचणी, फवारणी, हमाली, शिलाई, जे असेल ते. आणि आशाताईंनी कंबर दुखणाऱ्या प्रत्येकाला ताप-वजनाबरोबर हेही विचारावे: लघवी अडते का, बसायची जागा बधिर झाली आहे का? उत्तर ‘हो’ आले, तर उद्याची ओपीडी नको. तिथूनच १०८ ला फोन लावावा.