रस्त्याचा पहिला आकडा

(मंडळाच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डिप्लोमा करून सरकारी नोकरीत लागलेले उपयंत्री. आम्हाला व्यासपीठाची सवय नाही, साइटची आहे. म्हणून रोजच्या कामातलेच बोलतो.

एखाद्या गावाला रस्ता हवा असला, की वरून पहिला प्रश्न येतो, ‘किती लागतील?’ तेव्हा ना सर्वेक्षण झालेले असते, ना मातीची तपासणी. तरी आकडा दोन दिवसांत द्यायचा असतो. मग आम्ही काय करतो? किलोमीटरचा चालू दर घेतो, लांबीने गुणतो आणि कागद पाठवतो. आमच्या कार्यालयात सविस्तर हिशेबाला प्राक्कलन म्हणतात. पण लोकांच्या लक्षात राहतो तो हा पहिला आकडाच.

अशाच एका रस्त्याचा आकडा आम्ही दिला होता. प्रत्यक्षात वाटेत आपली माळव्याची काळी माती निघाली. ही माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ती काढून मुरूम भरावा लागला. दोन पुलिया वाढल्या. पैसे संपले आणि शेवटचा अर्धा किलोमीटर राहिला. शाळा नेमकी त्याच टोकाला होती. पुढचा अख्खा पावसाळा मुले चपला हातात घेऊन चिखलातून गेली. ती चूक ठेकेदाराची नव्हती, आमच्या आकड्याची होती.

आता विचार करा, आपले मंडळ महाप्रसादाचा अंदाज कसा काढते? मागच्या वर्षांच्या वह्या उघडते. किती पाने उठली, रविवार होता का, पाऊस होता का, हे पाहते. संख्याशास्त्राचे मॉडेल म्हणजे हीच वही, फक्त जरा शिस्तीत.

पूर्ण झालेले रस्ते घ्यायचे. त्यांचा मंजूर आकडा घ्यायचा नाही, अंतिम बिल घ्यायचे. जुन्या वर्षांचे दर आजच्या भावावर आणायचे. समोर लांबी, रुंदी, माती, पुलियांची संख्या आणि गिट्टीच्या खाणीपासूनचे अंतर, म्हणजे लीड, लिहायचे. हे लीड किरकोळ वाटते. पण पावणेचार मीटर रुंद रस्त्यावर ७५ मिलिमीटरचा एक थर दाबून घातला, तरी एका किलोमीटरला २८१ घनमीटर होतो. एवढा माल जवळून आणणे आणि लांबून आणणे यात फरक पडणारच.

मग कोणत्या गोष्टीने खर्च किती वाढतो, हे रिग्रेशन सांगते. त्यामागची किमान वर्गांची रीत लजांद्र या फ्रेंच गणितज्ञाने १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. आज ती कार्यालयातल्या साध्या संगणकावर होते. काही रस्ते मुद्दाम बाजूला ठेवून त्यांच्यावर मॉडेलची परीक्षा घ्यायची. तिथे चुकले, तर ते वापरायचे नाही.

याला मर्यादा आहेत. पंधरा रस्त्यांच्या माहितीवर दहा कारणे लादता येत नाहीत. सपाटीच्या रस्त्यांवरून घाटाचा खर्च कळत नाही. आणि मॉडेल आले म्हणून सविस्तर प्राक्कलन सुटत नाही.

आकडे कमी पडणे ही केवळ आपली गोष्ट नाही. डेन्मार्कच्या फ्लिव्बर्ग यांनी सहकाऱ्यांसह २००२ मध्ये वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा अभ्यास मांडला. दहातल्या नऊ प्रकल्पांत खर्च अंदाजापेक्षा वाढला होता. रस्त्यांची सरासरी वाढ सुमारे २० टक्के होती. गणित सगळीकडे एकाच बाजूला चुकत असेल, तर तो निव्वळ योगायोग कसा म्हणावा? मंजुरी मिळावी म्हणून आकडा लहान करण्याचा मोह असतो. तो आम्हालाही होतो.

म्हणून आम्ही आता एक आकडा न देता पल्ला देतो. समजा, सत्तर ते नव्वद लाख. साहेब विचारतात, ‘नक्की किती?’ आम्ही म्हणतो, ‘साहेब, मातीची तपासणी झाली की नक्की सांगतो.’ ओरडा बसतो. पण अर्धा किलोमीटर मागे राहण्यापेक्षा तो बरा.

आपल्याकडे एकच मागणे. उद्या तुमच्या गावच्या रस्त्याचा आकडा कुणी छातीठोकपणे सांगितला, तर विचारा, ‘कोणत्या पूर्ण झालेल्या रस्त्यांवरून काढला?’ आम्हालाही विचारा. आम्ही वही दाखवू.

गणपती बाप्पा मोरया!