बँकेतली शिल्लक तरी खरी असते का?

मंडळी, ताळेबंद वाचताना आपण नफ्याकडे थोडे संशयाने पाहतो, पण ‘रोख व बँकेतील शिल्लक’ ही ओळ निर्धास्तपणे ओलांडतो. नफा कागदावर फुगवता येईल, बँकेतला पैसा कसा फुगवणार?

आपल्या हैदराबादच्याच सत्यम कॉम्प्युटर्सने तोही फुगवला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबुली दिली. सप्टेंबर २००८ अखेर दाखवलेल्या ५,३६१ कोटींपैकी ५,०४० कोटी नव्हतेच. व्याजावरून पडताळा घ्यावा म्हणाल, तर येणे दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही खोटे! हिशेब तपासनीस जगभर नावाजलेले, शेअर न्यूयॉर्कच्या बाजारातही नोंदलेला, वर उत्तम कारभाराचे ‘गोल्डन पीकॉक’ पारितोषिक. आपण ज्याला खात्री म्हणतो ते सगळे हजर होते.

खूण मात्र आधी दिसली होती. डिसेंबर २००८ मध्ये कंपनी राजू कुटुंबाच्याच मायटास कंपन्या विकत घ्यायला निघाली आणि गुंतवणूकदार खवळल्यावर बेत सोडला. (इंग्रजीत ‘सत्यम’ उलटे लिहिले की ‘मायटास’ होते.) संगणकवाल्यांना जमीन-बांधकाम कशाला, हे विचारायला सीए व्हावे लागत नाही.

राजूंचे शेअरही गहाण होते. प्रवर्तकांचे असे गहाण जाहीर करणे सेबीने त्याच जानेवारीत बंधनकारक केले. ताळेबंदाआधी आम्ही आता तो तक्ता उघडतो.