दप्तर कोणाचें, गुपित कोणाचें?

सरकारी दप्तर म्हटलें कीं सामान्य गृहस्थाच्या डोळ्यांपुढें रुमालांत बांधलेले, धुळीनें माखलेले कागदांचे गठ्ठे उभे राहतात. त्यांत काय लिहिलें आहे हें पाहण्याचा अधिकार नागरिकास असावा, हें आज बहुतेकांस मान्य आहे. परंतु त्याच गठ्ठ्यांत शेजाऱ्याचें वय, त्याचा पत्ता, त्याचें दुखणें यांचीहि नोंद असते. मग एकाच्या जाणण्याच्या हक्कास मर्यादा कोठें घालावी आणि दुसऱ्याच्या खासगी आयुष्याचें कुंपण कोठें उभारावें, हा प्रश्न सहजच उत्पन्न होतो. त्याचें उत्तर शोधण्यास एका खेड्याची हकीकत उपयोगी पडेल.

राजस्थानांत पाली जिल्ह्यांतील कोटकिराना या गांवीं २ डिसेंबर १९९४ रोजीं मजदूर किसान शक्ति संघटनेनें पहिली जनसुनावणी भरविली. सरकारी कामांचे कागद ग्रामस्थांसमोर मोठ्यानें वाचण्यांत आले. माहिती मागण्याचा कायदा तेव्हां देशांत नव्हता. अशा सुनावण्यांतून दिसून आलें तें असें कीं, ज्यानें कुदळ हातीं धरली नाहीं, ज्यानें गांव केव्हांच सोडलें, इतकेंच काय पण जो हयातहि नाहीं, त्याच्या नांवावर मजुरी उचललेली होती. ही लबाडी बेरजेवरून कळणारी नव्हती; ती नांवांवरून कळली. अमका मनुष्य वारला आहे हें जिल्ह्याच्या कचेरीस ठाऊक नसतें, त्याच्या शेजाऱ्यास असतें.

पुढें एप्रिल १९९६ मध्यें ब्यावर येथें सुरू झालेलें धरणें चाळीस दिवस चाललें. कांहीं राज्यांनीं माहितीचे कायदे केले; महाराष्ट्राचा २००२ सालचा कायदा त्यांपैकींच होय. अखेर १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम अंमलांत आला. त्याच्या कर्त्यांस खासगीपणाचा विसर पडला नव्हता. आठव्या कलमांत त्यांनीं एक तराजूच बसविला होता. वैयक्तिक माहितीचा सार्वजनिक कार्याशीं संबंध नसेल, किंवा ती दिल्यानें खासगी जीवनावर अकारण आक्रमण होत असेल, तर ती न देण्याची मुभा होती. मात्र व्यापक लोकहित दिसल्यास ती द्यावी, असेंहि तेथेंच सांगितलें होतें. दहाव्या कलमाची सोय आजहि आहे: झांकण्याजोगा मजकूर झांकून उरलेला कागद देतां येतो. रुग्णालयाच्या औषधखरेदीचीं बिलें नागरिकास मिळावींत. रोग्याचें दुखणें त्याला कळण्याचें कारण नाहीं.

खासगीपणाची थोरवीहि कमी लेखूं नये. १९५४ व १९६२ सालच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें तो मूलभूत हक्क मानला नव्हता. २४ ऑगस्ट २०१७ रोजीं नऊ न्यायाधीशांनीं एकमतानें तो तसा ठरविला. सरकार नागरिकांच्या बोटांचे ठसे सांठवूं लागलें असतां हा वाद न्यायालयापुढें आला होता. नागरिकाच्या खासगी जीवनांत शिरणाऱ्या राज्यसत्तेच्या हातास आवर घालणें, हा या निकालाचा मुख्य रोख होता.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमानें मात्र माहितीच्या कायद्यांतील तें पोटकलम बदललें, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें तो बदल अंमलांत आला. आतां तराजूचे शब्द तेथें उरले नाहींत. माहिती वैयक्तिक आहे, एवढें कारण त्या पोटकलमाखालीं नकारास पुरतें. लोकहित अधिक असल्यास माहिती देण्याची तरतूद त्याच कलमांत अन्यत्र शिल्लक आहे, हें खरें. पण नकार देणें सोपें आणि लोकहित पटविणें अवघड, अशी वांटणी झाली, तर अपिलाच्या पायऱ्या कागद मागणाऱ्यालाच चढाव्या लागतील. आणि रोजंदारीच्या मजुराला त्या परवडत नाहींत.

हजेरीपटावरील नांव ही वैयक्तिक माहितीच आहे. पण नांवें खोडून दिलेल्या हजेरीपटावरून मृताची मजुरी कोणी उचलली हें कोणासहि सांगतां येणार नाहीं. म्हणून कागद हातीं घेतांना अधिकाऱ्यानें स्वतःस विचारावें: हें नांव सार्वजनिक पैशाच्या हिशेबासाठीं येथें आहे, कीं एका माणसाच्या घरगुती अडचणीपायीं येथें आलें आहे? पहिलें असेल तर तें वाचूं द्यावें. दुसरें असेल तर तेवढी ओळ झांकून बाकीचा कागद द्यावा.