सावलीतली हिरवळ

मंडळी, व्याख्यानमालेत मी गवतावर बोलणार हे कळल्यावर घरच्यांनी विचारलं, "ऐकायला माणसं येणार की म्हशी?" तुम्ही आलात, आभारी आहे.

हरळी तुमच्या ओळखीचीच. शेतकरी तिच्यापुढे हात टेकतो. नांगरून, वेचून, बांधावर फेकली तरी पहिल्या पावसात ती पुन्हा हजर. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. पण अशी चिवट हरळी आमच्या सोसायटीतल्या आंब्याखाली मुकाट्यानं मेली. दोनदा लावली, दोनदा गेली. आम्ही मातीला दोष दिला, माळ्याला बोल लावले. दोष आमचाच. हरळीला रोज सहा ते आठ तास थेट ऊन लागतं, ते तिथं नव्हतंच.

भिवंडीत सावली दोन तऱ्हांची. एक झाडाची. आंब्याची पानं प्रकाशातला कामाचा भाग, म्हणजे तांबडा आणि निळा, आधीच खाऊन टाकतात. खाली पोहोचतं ते उष्टं ऊन. शिवाय मुळं पाणीही आधी पितात. दुसरी सावली इमारतीची, गोदामाची, आणि ती जास्त फसवी. आपल्याकडे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडून जातो. त्यामुळे इमारतीच्या उत्तरेची पट्टी मे-जूनमध्ये उन्हानं न्हाऊन निघते. आपण खूश होऊन तिथं लॉन लावतो. डिसेंबरात मात्र भर दुपारीही १२ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला ११ मीटर पडलेली असते. म्हणून जागा पाहायची ती डिसेंबरात. सकाळपासून दर तासाला गच्चीवरून डोकावा आणि ऊन किती तास टिकतं ते वहीत लिहा.

तीन-चार तास ऊन, किंवा दिवसभर मोकळा उजेड मिळत असेल, तर कार्पेट गवत लावा. शास्त्रीय नाव ॲक्झोनोपस कॉम्प्रेसस. मूळचं उष्ण अमेरिकेतलं. नर्सरीत कुणी त्याला शेड ग्रास म्हणतं, कुणी बफेलो. नावावर जाऊ नका, पान हातात घ्या: करंगळीएवढं रुंद, फिकट हिरवं, टोकाला बोथट. पावसाळ्यात त्याच्या तुऱ्याला वर दोन फाटे फुटतात, गलोलीच्या बेचक्यासारखे. दिसायला रांगडं आहे, हे कबूल. गालिच्यासारखं बारीक गवत हवं असेल तर कोरियन जातीचं लावतात. थोडी सावली ते सोसतं, दाट सावलीत विरळ होत जातं.

कार्पेट गवताला कोरड मात्र खपत नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी द्यायची तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. लावण्याआधी लव्हाळा गाठींसकट काढा, नाहीतर पुढं तोच लॉन होतो. जूनमध्ये मुळं असलेले तुकडे वीतभर अंतरानं खोचले की पुरे. कापताना हावरेपणा नको. सावलीतल्या गवताची पानं हीच त्याची चूल, दोन-तीन इंच उंची ठेवावी. पावसाळ्यात ओल्या गवतावर फिरू नका, बुरशी पसरते.

आणि तीन-चार तास ऊन किंवा मोकळा उजेडही मिळत नसेल तर? तिथं गवताचा हट्ट सोडावा. आम्ही त्या आंब्याच्या बुंध्याभोवती शेवटी पालापाचोळाच राहू दिला. आता तिथं पोरं गोट्या खेळतात.